'मायसेल्फ' पण 'हिमसेल्फ': इंग्रजीतल्या 'स्वतः'ची वंशावळ

'माय' म्हणजे माझा, म्हणून 'मायसेल्फ'. 'युअर' म्हणजे तुझा, म्हणून 'युअरसेल्फ'. 'आवर' म्हणजे आमचा, म्हणून 'आवरसेल्व्ज'. इथवर सगळं रांगेत चाललंय. याच हिशेबानं 'हिज' म्हणजे त्याचा, तेव्हा 'हिजसेल्फ' व्हायला हवं. होतं मात्र 'हिमसेल्फ'. 'देअर'वरून 'देअरसेल्व्ज' हवं, तिथे 'देमसेल्व्ज' येतं. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर काहींना षष्ठी लागली आणि काहींना द्वितीया किंवा चतुर्थी. 'हर्सेल्फ' कुठल्या गटातलं हे सांगताच येत नाही, कारण 'हर' म्हणजे 'तिचं'ही आणि 'तिला'ही. हे 'हर' लक्षात असू द्या, पुढे यानंच घोळ घातलाय.

शाळेत हा तक्ता निमूटपणे पाठ करून घेतला जातो. पण इंग्लंडमधल्या कित्येक बोलींत आणि अमेरिकेतल्या काही भागांत आजही लोक सर्रास 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ज' म्हणतात. शिकलेले लोक त्यांना अडाणी समजतात. नियमाला धरून बोलतात ते खरं तर हे 'अडाणी'च. प्रमाण इंग्रजीचा तक्ता विस्कटलेला आहे, आणि तो का विस्कटला हे समजून घ्यायला हजारेक वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा इंग्रजीत आत्मवाचक सर्वनाम नावाची वस्तूच नव्हती.

आत्मवाचक सर्वनामाचं काम साधं असतं. क्रिया करणारा आणि क्रिया सोसणारा एकच आहे, एवढं ते सांगतं. 'रमेशनं त्याला दोष दिला' म्हटलं की दोष दुसऱ्या कुणावर गेला. 'रमेशनं स्वतःला दोष दिला' म्हटलं की तो रमेशवरच आला. आता कल्पना करा की भाषेत 'स्वतःला' हा शब्दच नाही आणि दोन्हींसाठी 'त्याला' एवढंच आहे. जुनी इंग्रजी, म्हणजे साधारण ११०० सालापर्यंतची इंग्रजी, तशीच होती. 'ही ऑफस्लोह हिने' या वाक्याचा अर्थ 'त्यानं त्याला ठार केलं' असा होई आणि 'त्यानं स्वतःला ठार केलं' असाही. कोण मेलं ते संदर्भावरून समजून घ्यायचं.

हे आपल्याला वाटतं तितकं विचित्र नाही. 'मी' आणि 'तू' यांच्या बाबतीत घोटाळा होतच नाही. 'मी मला समजावलं' यात 'मला' म्हणजे दुसरं कोण असणार? म्हणून जर्मन, फ्रेंच वगैरे भाषाही प्रथम आणि द्वितीय पुरुषात नेहमीचीच सर्वनामं वापरतात. वेगळा शब्द लागतो तो तृतीय पुरुषात, जिथे 'तो' म्हणून दोघे उभे राहू शकतात. जुन्या इंग्रजीनं तिथेही वेगळा शब्द ठेवला नव्हता, एवढाच फरक.

याचा सर्वांत चांगला पुरावा अंजिराच्या पानांत सापडतो. बायबलच्या उत्पत्तीच्या कथेत आदम आणि हव्वेला आपण नग्न असल्याचं कळतं, आणि ते अंजिराची पानं शिवून स्वतःसाठी वस्त्रं करतात. इंग्लंडच्या डॉर्सेट भागातल्या मठात राहणाऱ्या एल्फ्रिक नावाच्या भिक्षूनं ९९०च्या दशकात हा भाग इंग्रजीत आणला. त्याचे शब्द आहेत 'वोर्ह्टोन हिम वॅडब्रेच'. शब्दशः 'त्यांना वस्त्रं केली'. (तेव्हा 'हिम' हे अनेकवचनातही चाले.) 'सेल्फ'चा पत्ता नाही. चारशे वर्षांनी, १३९०च्या सुमारास, जॉन विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या सुधारित भाषांतरात 'मेडन ब्रेचिस टू हेम सिल्फ' असं आहे. 'सिल्फ' आलंय, पण सुटं उभं आहे. १५६०च्या जिनिव्हा बायबलमध्ये आणि १६११च्या राजमान्य भाषांतरात 'मेड देमसेल्व्ज' आहे. (जिनिव्हावाल्यांनी त्या वस्त्रांना 'ब्रीचेस' म्हटलं, म्हणून ती प्रत 'विजारींचं बायबल' म्हणून ओळखली जाते. १६११वाल्यांनी 'एप्रन' केलं.) कथा तीच, पानं तीच, मधल्या सहाशे वर्षांत 'त्यांना'चं 'स्वतःला' झालं.

हा 'सिल्फ' किंवा 'सेल्फ' आला कुठून? बाहेरून नाही. तो घरचाच होता, पण नोकरी वेगळी करत होता.

'सेल्फ' जुन्या इंग्रजीत जोर देणारा शब्द होता. 'राजा स्वतः आला' या वाक्यातल्या 'स्वतः'चं जे काम, ते त्याचं. दूत नाही, प्रधान नाही, खुद्द राजा. तो विशेषणासारखा चाले, म्हणजे ज्याला चिकटेल त्याच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे शेपूट बदले. त्याची गरज पडे ती ऐकणाऱ्याची अपेक्षा मोडायची असेल तेव्हा. इथे क्रियापदांचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. आंघोळ करणं, कपडे घालणं, आडवं होणं, वळणं, बसणं या गोष्टी माणूस बहुधा स्वतःच्याच बाबतीत करतो. 'तो त्याला धुतो' म्हटलं तरी ऐकणारा समजून जातो. पण ठार मारणं, फाशी देणं, द्वेष करणं, वाचवणं, स्तुती करणं या गोष्टी बहुधा दुसऱ्याच्या बाबतीत होतात. तिथे 'त्याला' म्हटलं की मनात दुसराच कोणी येतो. तो येऊ नये म्हणून बोलणारा जोर देतो: 'त्याला, खुद्द त्यालाच'. 'हिने सिल्फ्ने'.

'वैद्या, आधी स्वतःला बरं कर' ही लूकच्या शुभवर्तमानातली म्हण घ्या. वैद्याचं काम दुसऱ्यांना बरं करणं. म्हणूनच त्या वाक्यात टोमणा आहे, आणि म्हणूनच जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे नुसतं 'थे' म्हणजे 'तुला' नसून 'थे सिल्फ्ने' आहे. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर' इथेही तसंच. शेजारी आणि तू अशी जोडी समोरासमोर उभी आहे, तेव्हा जोर हवाच.

जोर देणाऱ्या शब्दांची एक खोड असते. ते वापरून वापरून झिजतात. 'स्वतःला मारलं' या अर्थासाठी प्रत्येक वेळी 'सेल्फ' जोडायची सवय लागली की तो जोर राहत नाही, व्याकरण होतो. मग न जोडलं तर वाक्य अपुरं वाटायला लागतं. पुढची पायरी अशी की जिथे जोराची गरजच नव्हती, तिथेही तो घुसतो. इंग्रजीत हे अनेक शतकं हळूहळू चाललं. एडवर्ड कीनन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं शतकाशतकांचे मजकूर तपासून दाखवलं की दीर्घकाळ नुसत्या सर्वनामाचीच चलती होती, आणि १५००च्या आसपास पारडं फिरलं. त्यानंतर 'सेल्फ'वाली रूपं हीच रीत झाली आणि नुसतं 'हिम' म्हणजे 'दुसरा कोणीतरी' असा अर्थ पक्का झाला. म्हणजे नव्या शब्दानं स्वतःची जागा तर घेतलीच, जुन्या शब्दाचा अर्थही आवळून टाकला.

पारडं फिरलं म्हणून जुनं लगेच मेलं नाही. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये (साधारण १६००) एकजण रानात भेटलेल्या विदूषकाबद्दल सांगतो: 'हू लेड हिम डाउन अँड बास्क्ड हिम इन द सन'. आजच्या कानाला वाटेल की विदूषकानं दुसऱ्याच कुणाला तरी उचलून उन्हात निजवलं. तसं नाही. तोच आडवा झाला आणि तोच ऊन खात पडला. आडवं होणं आणि ऊन खाणं ही 'आपल्यापुरती' क्रियापदं, म्हणून जुनी रीत तिथे टिकून होती. १६११च्या बायबलातल्या तिसऱ्या स्तोत्रातही 'आय लेड मी डाउन अँड स्लेप्ट' असंच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत आजही 'आय बॉट मी अ ट्रक' म्हणतात, 'मी मला एक ट्रक घेतला'. त्यांना गावंढळ म्हणून हसणाऱ्यांनी एल्फ्रिकची अंजिराची पानं आठवावीत.

आणि अंघोळ-दाढी-कपडे या गटाचं काय झालं? तिथे इंग्रजीनं तिसराच रस्ता धरला, सर्वनामच गाळलं. 'ही वॉश्ड', 'ही शेव्ड', 'ही ड्रेस्ड'. बस्स. जर्मन माणसाला तिथे 'स्वतःला' म्हणावंच लागतं.

आता खरी वंशावळ. जुन्या इंग्रजीत आत्मवाचक सर्वनाम नव्हतं असं वर म्हटलं, पण तिच्या पूर्वजांकडे ते होतं. तिनं ते हरवलं.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या ज्या मूळ जर्मानिक भाषेतून फुटल्या, तिच्यात 'सिक' असा शब्द होता. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये तो 'सिक' याच रूपात आहे. जर्मनमध्ये तो 'झिश' झाला आणि रोज हजार वेळा वापरला जातो. उत्तरेच्या नॉर्स भाषेतही 'सिक' होता. फक्त उत्तर समुद्राच्या काठच्या बोलींत, म्हणजे इंग्रजी, फ्रिशियन आणि जुन्या सॅक्सनमध्ये, तो लिखाण सुरू होण्याआधीच नाहीसा झालेला दिसतो. फ्रिशियन माणूस आजही 'हाय वास्केट हिम' म्हणतो, 'तो त्याला धुतो'. एल्फ्रिकला हे वाक्य सहज कळलं असतं. डच लोकांचीही पूर्वी हीच तऱ्हा होती. आजचं त्यांचं 'झिख' हे जर्मन शेजाऱ्यांकडून आलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या डचची लेक, आफ्रिकान्स, तिथे अजून 'हॉम' म्हणजे 'त्याला'च वापरते. खुद्द जर्मनमध्येही 'झिश' आधी फक्त द्वितीयेत होता, चतुर्थीत नव्हता. मार्टिन ल्यूथरच्या बायबलात देवानं माणूस 'ईम' म्हणजे 'त्याला' आपल्या प्रतिमेसारखा घडवला असं आहे. आजच्या जर्मनांना तो 'ईम' खटकतो.

'सिक'च्याही मागे गेलं की आपल्या अंगणात येतो. युरोपातल्या बहुतेक भाषा, इराणी भाषा आणि संस्कृत यांच्या समान पूर्वजात 'से' किंवा 'स्वे' असं मूळ होतं, अर्थ 'आपला, स्वतःचा'. लॅटिनमध्ये त्याचं 'से' झालं ('पर से' मधलं), रशियनमध्ये 'सेब्या' आणि 'स्वोय', लिथुएनियनमध्ये क्रियापदाला लागणारा 'सि'. आणि संस्कृतात 'स्व'. स्वभाव, स्वराज्य, स्वदेशी, स्वयंवर, स्वामी हे सगळे त्या घरचे. आपलं 'स्वतः' म्हणजे या 'स्व'ला पंचमीच्या अर्थाचा 'तस्' लागून झालेलं रूप. जो शब्द इंग्रजीनं उत्तर समुद्राच्या काठी गमावला, त्याचा सख्खा चुलत भाऊ मराठी माणूस दिवसभर तोंडात घोळवत असतो. 'सेल्फ'मधला 'से'सुद्धा याच मुळाचा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तसं असेल तर हरवलेला शब्द दुसऱ्या वेशात घरी परत आला म्हणायचा.

परतण्याची दुसरी वाट व्हायकिंगांची. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नॉर्स बोलणारे लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला येऊन वसले. इंग्रजीनं त्यांच्याकडून 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामं उचलली, जी कुठलीही भाषा सहसा दुसरीकडून घेत नाही. हातासरशी 'सिक'ही घेता आला असता. घेतला नाही. पण नॉर्समध्ये 'सिक' झिजून क्रियापदाच्या शेवटी 'स्क' असा चिकटायचा, आणि त्या अवस्थेत तो इंग्रजीत शिरला. 'बास्क' म्हणजे ऊन खात पडणं, हा शब्द नॉर्स 'बाधास्क'वरून आला असं मानतात. 'बाधा' म्हणजे न्हाणं, 'स्क' म्हणजे स्वतःला. मग वरचा विदूषक पुन्हा पाहा. 'बास्क्ड हिम' यात 'स्वतःला' दोनदा आहे. एकदा क्रियापदाच्या पोटात नॉर्स रूपात, आणि एकदा बाहेर जुन्या इंग्रजी रूपात. शेक्सपिअरला याची कल्पना असायचं कारण नाही.

'सिक'चा एक धाकटा भाऊही होता, आणि मराठी वाचकाला तो चटकन ओळखू येईल. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात रात्र झाल्यावर राजा ह्रोथगार उठून जातो, ती ओळ अशी: 'हिम ह्रोथगार गेवाट टो होफे सीनुम'. 'ह्रोथगार आपल्या महालाकडे निघाला.' हा 'सीन' म्हणजे आपला 'आपला'. कर्त्याचाच, दुसऱ्याचा नव्हे. 'राम आपल्या भावाला भेटला' म्हटलं की भाऊ रामाचा. 'राम त्याच्या भावाला भेटला' म्हटलं की शंकेला जागा. आज इंग्रजीत 'हिज ब्रदर' एवढंच म्हणता येतं, भाऊ कुणाचा ते विचारून घ्या. स्वीडिशमध्ये 'सिन' आणि 'हान्स' हा फरक अजून काटेकोर आहे. कुणी 'आपल्या बायकोचं' चुंबन घेतलं की 'त्याच्या बायकोचं', यावर तिथे घरं मोडू शकतात. इंग्रजीत 'सीन' कवितेपुरता उरला आणि मग तोही गेला. (मराठीत हल्ली 'तो त्याच्या घरी गेला' असं सरसकट लिहिलं जातं. 'आपल्या' हाताशी असताना ही काटकसर कशाला, मला कळत नाही.)

मग ते विस्कटलेलं कोष्टक. जुन्या इंग्रजीत जोर देताना 'मी' बरोबर 'मला'ही येई: 'इच मे सेल्फ'. 'मी, मला, खुद्द'. हे आपल्याला विचित्र वाटायला नको, आपण 'माझा मी गेलो', 'त्याचं तो बघेल' म्हणतोच. मी एकदा असतोच, वर त्याचीच दुसरी विभक्ती ठिगळासारखी लागते. आपण तिथे षष्ठी वापरतो, इंग्रजांनी चतुर्थी वापरली. 'ही हिम सेल्फ', 'तो, त्याला, खुद्द'. आज 'ही हिमसेल्फ केम' या वाक्यात कर्त्याच्या जागी 'हिम' कसा काय, असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे.

तर सुरुवातीला सगळेच एका रांगेत होते: मेसेल्फ, दीसेल्फ, हिमसेल्फ, हर्सेल्फ. सगळे चतुर्थीचे. मग बाराव्या-तेराव्या शतकापासून शेपटं गळाली, विभक्ती धूसर झाल्या, आणि त्या 'हर'नं आपलं काम केलं. 'हर सेल्फ' ऐकणाऱ्याला ते 'तिला खुद्द' असं वाटू शके किंवा 'तिचा सेल्फ'. दुसऱ्या अर्थानं पाहिलं की 'सेल्फ' विशेषण राहत नाही, नाम होतं. तिचं घर, तिचा हात, तिचा सेल्फ. मग 'माझा सेल्फ' का नको? 'मे सेल्फ'मधला 'मे' बिनजोराचा, पटकन उच्चारला की 'मि' ऐकू येणारा. त्याचा 'मी सेल्फ' (आजचं 'माय सेल्फ') म्हणजे 'माझा सेल्फ' व्हायला फार ढकलावं लागलं नाही. 'दाय' (तेव्हाचा 'तुझा'), 'आवर', 'युअर' त्याच वाटेनं गेले. 'हिम' मात्र अडून बसला. 'हिम'चा 'हिज' चुकून होत नाही, उच्चारच वेगळा. 'हिज सेल्फ' लिहिणारे होऊन गेले, पण प्रमाण भाषेत ते टिकले नाहीत. अनेकवचनात 'हेम' जाऊन नॉर्स 'देम' आला, तरी विभक्ती तीच राहिली. अर्धा तक्ता पुढे गेला, अर्धा जागीच राहिला, आणि छापखाने आले तेव्हा जसा होता तसा गोठला.

'सेल्फ' नाम झाल्याचे परिणाम लांबवर गेले. नाम म्हटलं की त्याचं अनेकवचन हवं. 'लीफ'चं 'लीव्ज', तसं 'सेल्फ'चं 'सेल्व्ज'. हे सोळाव्या शतकात रुळलं. तोवर 'आवरसेल्फ', 'देमसेल्फ' हीच अनेकवचनं होती. याचा एक फायदा झाला. पुढे 'दाऊ' म्हणजे 'तू' वापरातून गेला आणि 'यू' एकटाच उरला, तू-तुम्ही सगळ्यांसाठी. आज प्रमाण इंग्रजीत समोर एक माणूस आहे की अनेक हे सर्वनामावरून कळायची एकच जागा उरली आहे: 'युअरसेल्फ' की 'युअरसेल्व्ज'.

नामाला विशेषणंही लागतात. 'माय ओन सेल्फ', 'हर स्वीट सेल्फ'. आपल्याकडच्या सरकारी आणि व्यापारी पत्रांतलं 'युअर गुड सेल्फ' याच फांदीवरचं. साहेबांच्या देशात ते जुनाट झालं, आपल्या जावक नोंदवहीत ते अजून ताजं आहे. १६४०च्या सुमारास 'सेल्फिश' हा शब्द निघाला. तो प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनी टाकसाळीतून नवा पाडला, असं त्याच शतकातल्या एका बिशपनं लिहून ठेवलं आहे. १६९४मध्ये जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं 'सेल्फ' म्हणजे नेमकं काय यावर एक अख्खं प्रकरण आपल्या ग्रंथात घातलं. जोर द्यायला ठेवलेलं विशेषण तत्त्वज्ञानाचा विषय झालं. २०१३मध्ये ऑक्सफर्ड कोशकारांनी 'सेल्फी'ला वर्षाचा शब्द ठरवलं. तो २००२मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा लिहिलेला सापडतो.

आपल्याकडे नाव सांगताना 'मायसेल्फ संतोष' म्हणायची पद्धत आहे, आणि इंग्रजीच्या शिकवणीत तिची यथेच्छ टिंगल होते. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते बसत नाही, खरं आहे. पण 'मायसेल्फ'चा जन्मच मुळी 'मी खुद्द' असा जोर द्यायला झाला. तो 'आय'शिवाय एकटा कर्त्याच्या जागी बसल्याची उदाहरणं इंग्रजीतल्या जुन्या कवितांत भरपूर आहेत. आयर्लंडमध्ये तर नवऱ्याबद्दल किंवा घरधन्याबद्दल विचारताना 'इज हिमसेल्फ इन?' म्हणतात. आपल्या 'स्वारी आहे का घरात?' या चालीवर. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत 'मायसेल्फ' म्हणू नये, आणि दुसरा म्हणाला तर हसूही नये.

मराठीशी ताडून पाहिलं तर एक साम्य ठळक दिसतं. जर्मनमध्ये 'खुद्द' साठी 'झेल्ब्स्ट' आणि आत्मवाचकासाठी 'झिश', असे दोन वेगळे शब्द आहेत. रशियनमध्येही दोन. इंग्रजीत दोन्ही कामांना एकच: 'द किंग हिमसेल्फ केम', 'द किंग सॉ हिमसेल्फ'. मराठीतही एकच: 'राजा स्वतः आला', 'राजानं स्वतःला पाहिलं'. फरक असा की इंग्रजीकडे हा एकच खांब आहे आणि मराठीकडे शेजारी 'आपण'ही आहे. तो वेगळ्या घरचा. संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पा' आणि 'अप्पाण', त्यावरून 'आपण', 'आपला', हिंदीत 'अपना', कोकणीत 'आपूण'. संस्कृतात 'आत्मन्' हाच सर्वनामाचं काम करी. गीतेतल्या 'उद्धरेदात्मनात्मानम्' या चरणात अध्यात्म आहेच, पण व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर 'आपणच आपल्याला वर काढावं' एवढंच वाक्य आहे. 'आत्मन्'चा जुना अर्थ श्वास, आणि जर्मनमध्ये श्वासाला 'आटेम' म्हणतात तो त्याचाच भाऊ. जगभर भाषांनी 'स्वतः' असाच अंगाच्या किंवा प्राणाच्या शब्दांतून काढला आहे. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांनी आणि जॉर्जियन लोकांनी 'डोकं' या शब्दावरून, हिब्रूनं 'हाड' या शब्दावरून, अरबीनं 'नफ्स' म्हणजे जीव या शब्दावरून.

इंग्रजीचा तक्ता अजूनही पुरता गोठलेला नाही. एका माणसाबद्दल बोलताना तो पुरुष की स्त्री हे सांगायचं नसेल तर 'दे' वापरायची जुनीच सवय आता जोरात परत आली आहे. मग आत्मवाचक रूप काय? माणूस एक आणि 'देमसेल्व्ज' अनेकवचनी, हे जुळत नाही. म्हणून बरेच जण 'देमसेल्फ' लिहू लागले आहेत. शुद्धलेखन तपासणारी संगणकं त्याखाली बहुधा लाल रेघ ओढतात, व्याकरणाचे कट्टर रक्षक नाक मुरडतात, आणि कोशांनी त्याला आत घ्यायला सुरुवात केली आहे. सोळाव्या शतकात 'देमसेल्व्ज'नं ज्याला बाहेर काढलं होतं, ते हेच रूप. तेव्हा ते अनेकवचनाचं काम करत होतं, आता एकवचनाचं करायला आलं आहे.